फक्कीचं घर

वहिनी,

फक्कीची अर्धी गोणी अजून आमच्या गाडीच्या डिकीत होती. संदीप रोज म्हणायचा, काढून टाकू, भाजीच्या पिशव्या पांढऱ्या होतात. मी रोज म्हणायचे, रविवारी. तुम्ही गेल्यापासून असे बरेच रविवार आले आणि गेले. परवाच्या रविवारी ती गोणी निघाली एकदाची. तेच सांगायला बसले आहे, पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मी सरळ मुद्द्यावर येत नाही. ‘अनघा, तू आधी सगळ्या गल्ल्या फिरते, मग घरी येते,’ असं तुम्ही म्हणायच्या. तर आता निवांत ऐका. आता काही मध्येच उठून कुकर बघायला जाता येणार नाही तुम्हाला.

हॉस्पिटलातलं काही लिहीत नाही. ते तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे? शिवाय तुम्हाला आजारपणाच्या गोष्टींचा कंटाळा. कुणी गुडघ्यांची चौकशी केली की तुम्ही त्याला त्याच्या मुलांची चौकशी करून गप्प बसवायच्या.

मला आठवतो तो आमचा मोहालीतला पहिला दिवस. सांगलीहून सामान यायचं होतं, ट्रक अंबाल्याच्या अलीकडे कुठेतरी अडकला होता, आणि मी लिफ्टसमोर उभी राहून संदीपला शुद्ध सांगलीच्या मराठीत झाडत होते. समोरचं दार उघडलं. पांढऱ्या केसांचा आंबाडा, सुती साडी, पायात मोजे. तुम्ही हिंदीत विचारलंत, ‘आप लोग आज आए हैं?’ मी म्हटलं, ‘जी.’ मग तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, ‘तर मग त्याला थोडं कमी बोल नं बाई, आधी जेवून घ्या दोघं.’ मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं होतं. संदीपला मात्र तुम्ही त्याच क्षणी आवडलात, कारण उघड आहे.

त्या दुपारी तुम्ही डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आलात. तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी. आम्ही खोक्यांवर बसून जेवलो. तुमचा हवाई दलातला सगळा संसार त्या डब्यात होता हे मला नंतर कळलं. नवीन कुटुंब बदली होऊन आलं की पहिल्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटू द्यायची नाही, शेजारच्या क्वार्टरमधून ताट जायचं. ट्रंका उघडायच्या आधी ओळख झालेली असायची. नवऱ्याला तुम्हीसुद्धा साहेबच म्हणायच्या. त्या साहेबांबरोबर आयुष्यभर तुम्ही असे डबे घेतले आणि दिले. एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, आता सांगते. ते वरण खारट होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भांडं पुसून खाल्लं.

वयानं तुम्ही मला काकू शोभला असता. पण साहेबांच्या हाताखालच्या सगळ्या मराठी पोरांनी तुम्हाला वहिनी केलं होतं आणि तुम्ही ते पद सोडायला तयार नव्हता. आंटी म्हटलं की तुम्हाला ऐकूच यायचं नाही. आमच्या मुक्तासाठीसुद्धा तुम्ही वहिनीच. पोरगी मराठीत एवढा एकच शब्द नीट म्हणते, बाकी सगळं हिंदीत.

तर अशा आपण समोरासमोरच्या दोन दारांत भाड्यानं राहत होतो, आणि एकाच हिवाळ्यात आपल्या दोन्ही मालकांना फ्लॅट विकायची बुद्धी झाली. मग सुरू झाली ती वणवण. सायलीलाही आपल्याबरोबर घेतलं होतं. आपली लातूरची सायली, सेक्टर सदुसष्टच्या औषधांच्या संस्थेत संशोधन करणारी, दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येणारी आणि दर सहा महिन्यांनी पीजी बदलणारी. तिला मालक म्हणायचे, एकटी मुलगी, जबाबदारी कोण घेणार. तुम्हाला म्हणायचे, एकट्या बाई, या वयात, कुछ हो गया तो? आम्हाला म्हणायचे, महाराष्ट्राचे लोक, कधीही बदली होऊन निघून जाल. तुम्हाला याचं हसू यायचं. ‘सायली फार तरुण, मी फार म्हातारी. मधल्या वयात सरकारी क्वार्टर होतं, तेव्हा कोणी विचारलंच नाही,’ असं तुम्ही एका ब्रोकरला ऐकवलंत. त्याला ते कळलं नाही. तो म्हणाला, मॅडम, टू बीएचके देखोगे?

त्यातलं ते एक घर मला विसरता येत नाही. तळमजल्यावर एका मोठ्या खोलीचे प्लायवूड ठोकून भाग पाडलेले, प्रत्येक भागात एक पलंग, एक मुलगी, एक मोबाईल चार्जर. पंखा मात्र सगळ्यांत मिळून एकच, कारण प्लायवूड छतापर्यंत गेलेलं नव्हतं. वरचा सगळा मजला कुलूपबंद. मालक परदेशात, चार वर्षांतून एकदा लग्नाला येतात. आपण बाहेर पडलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी थांबलात आणि नुसत्या बघत राहिलात. एवढ्या मोठाल्या बंगलेवजा कोठ्या, संगमरवरी जिने, आणि दिवा कुठेतरी एखाद्याच खिडकीत. ‘इथे घरं एकटी पडली आहेत आणि आपण जागा नाही, जागा नाही करून राहिलो,’ तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, वहिनी, चला, थंडी वाजते.

तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक सरदारजी बाहेर आले. आपण दलाल आहोत असं वाटून जरा गुर्मीतच आले. तुम्ही त्यांना घराबद्दल काहीच विचारलं नाहीत. त्यांच्या कोठीला लागून रिकामा प्लॉट होता आणि त्यात त्यांनी मोहरी लावली होती, तिच्याबद्दल विचारलंत. हे आपले गुरमीतजी. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे साग, म्हणजे मोहरीची पालेभाजी, आणायला गेलात आणि येताना घराची कल्पना घेऊन आलात. त्या प्लॉटसाठी बिल्डर त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. मुलं कॅनडात. ‘बच्चे तो वापस आने नहीं, बहनजी. मैं तो बस चाबियाँ संभाल रहा हूँ,’ असं ते तुम्हाला म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग किल्ल्या आम्हाला द्या, आम्ही माणसं आणतो.

खरं सांगू? मला सुरुवातीला ते तुमचं खूळ वाटलं. त्या प्लॉटवर तिघांनी मिळून घर बांधायचं. गुरमीतजींनी आपली मोठी कोठी एका शाळेला द्यायची आणि इथे लहान घर घ्यायचं, एक आम्ही, एक तुम्ही. आणि वर एक खोली, जी कुणाच्याच मालकीची नाही. तिला तुम्ही ‘बदलीची खोली’ म्हणायच्या. शहरात नव्यानं आलेल्या, ज्याला कुणी दार उघडत नाही अशा माणसानं तिथे दोन-तीन वर्षं राहावं, परवडेल ते भाडं द्यावं आणि पुढे जावं. पहिली सायली. मी आयटीतली, मला प्रत्येक गोष्टीत काय बिघडेल ते आधी दिसतं. मी खोट काढायचे आणि तुम्ही म्हणायच्या, ‘हो नं, ते आहेच. मग काय करू या?’ या ‘काय करू या’नं मला किती वेळा गप्प बसवलंत तुम्ही. भांडायला समोरचं माणूस थोडं तरी अडून बसावं लागतं.

आणि मग तो फक्कीचा रविवार. आर्किटेक्टनं सुबक नकाशा आणला होता, संगणकावर घराच्या आतून फिरवूनही आणलं होतं. तुम्ही सगळं कौतुकानं पाहिलंत आणि म्हणालात, छान आहे, आता राहून बघू. त्याला कळेना. मला कळलं, कारण क्वार्टरमध्ये शिरल्यावर तुम्ही काय करायच्या ते मी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. ट्रंका तशाच बंद ठेवायच्या, खडूनं जमिनीवर पलंग, कपाट, टेबल आखायचं, आणि दिवसभर त्या रेघांमधून वावरायचं. कुठे ठेच लागते ते बघायचं. संध्याकाळी सामान उघडायचं. साहेब आधी वैतागायचे म्हणे, मग स्वतःच खडू मागायला लागले.

प्लॉट मोठा, तिथे खडू कसला पुरतो. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याची पावडर आणायला लावलीत. आमच्याकडे कबड्डीच्या मैदानाला मारतात ती फक्की. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. गुरमीतजींनी मोहरी काढून जमीन सारखी केली होती, कोपऱ्यातला एक वाफा तेवढा ठेवला होता. दोरी धरून आपण भिंती आखल्या. तुमचे नियम कडक. आज रविवार आहे आणि आपण आपापल्या घरात आहोत. रेघ ओलांडायची नाही, दारातूनच जायचं. कुणाच्या दाराशी गेलं तर टकटक म्हणायचं. मग शेगड्या आल्या, खाटा आल्या, बादल्या आल्या, कपडे वाळत घालायची दोरी आली. संदीप त्याच्या बेडरूममध्ये उघड्या आभाळाखाली खाटेवर आडवा झाला आणि खरंच घोरायला लागला. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली आणि मला विचारलं, ‘पाठ रखवाया है जी?’ तिला वाटलं, ग्रंथसाहिबाचं वाचन ठेवलं आहे. तुम्ही उत्तर दिलंत, ‘नहीं जी, घर पहन के देख रहे हैं.’ ती बाई मग बराच वेळ तिथेच उभी राहिली. आपल्याला कुठे सैल होतं, कुठे घट्ट होतं, ते बघत असावी.

सायलीची खोली वरच्या मजल्यावरची. फक्कीनं वरचा मजला काही आखता येईना, म्हणून तिला शेजारी गुरमीतजींच्या गच्चीवर खुर्ची देऊन बसवलं. बिचारी लॅपटॉप घेऊन बसली आणि दिवसभर आपली गंमत वरून पाहत राहिली.

त्या दिवशी काय काय कळलं, नाही? मी हट्टानं मागून घेतलेल्या दिवाणखान्यात दिवसभर कुणी पाऊलसुद्धा टाकलं नाही. तिथली फक्की संध्याकाळीही तशीच ताजी होती. सगळे आपले समोरच्या पट्ट्यात, जिथे ऊन होतं तिथे बसलेले. मग दिवाणखाने गेले आणि तिन्ही घरांसमोर मिळून एक लांब ओसरी आली. आर्किटेक्ट मनापासून खूश झाला. म्हणाला, हे मला खोलीत बसून सुचलं नसतं. गुरमीतजींचं न्हाणीघर त्यांच्या खाटेपासून लांब पडत होतं, ते आत घेतलं. एवढ्यावर दिवस संपला असता तर किती बरं झालं असतं.

पण ती भिंत होती. तुमच्या आणि माझ्या स्वयंपाकघरांमधली.

नकाशात ती सरळ, सलग होती. सकाळी मी चहा टाकला आणि साखर विसरल्याचं लक्षात आलं. नियमाप्रमाणे माझ्या पुढच्या दारानं बाहेर, तुमच्या पुढच्या दारानं आत, टकटक, साखर, आणि परत सगळा वळसा. मग तुम्हाला लायटर हवा होता. मग माझी फोडणी जळत होती आणि तुमच्याकडे बोलता बोलता ती मला दिसली. दुपारपर्यंत गच्चीवरून सायलीचा आवाज, ‘अनघाताई, तुमची भिंत गेली.’ खाली पाहिलं तर मधल्या रेघेचा हातभर तुकडा पुसला गेला होता. मी गोणीतून फक्की घेतली आणि तो भरून काढला. जेवणं झाली, पुन्हा सायली, ‘ताई, परत गेली.’ मी पुन्हा भरली, जरा जाडच भरली. सगळे हसत होते. मला राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही. तुम्ही माझ्याकडे आलात, हळूच म्हणालात, ‘चप्पल उलटी कर नं.’ माझ्या चपलांचे तळ पांढरे होते. तुमचे मोजे जवळजवळ कोरे.

तरीही मी म्हटलं, वहिनी, ही भिंत राहणार. तुम्ही म्हणालात, राहू दे, घर तुझं आहे. पण मला माहीत होतं, हे भांडण संपलेलं नाही. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, म्हणून ते संपायचंच नाही.

मग पुढचे कितीतरी दिवस आपण संध्याकाळी चालायला गेलो की तोच विषय. मी तुम्हाला माझ्या आईची गोष्ट सांगितली ती तेव्हाच. सांगलीच्या आमच्या घरात माणसं फार आणि दारं फक्त नावाला. कुणीही केव्हाही कुठल्याही खोलीत. आतून कडी लागायची ती एकट्या न्हाणीघराला. आईला रडायचं असलं की ती आंघोळीला जायची. आम्हा मुलांना वाटायचं आईला स्वच्छतेची फार आवड. मोठी झाल्यावर मला ते कळलं आणि मी ठरवलं, माझ्या घरात मला पाहिजे तेवढ्या भिंती असतील. सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं म्हणणाऱ्या लोकांना ती मिसळ कोण ढवळत बसतं हे ठाऊक नसतं, असंही मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही चालायच्या थांबलात. माझा हात धरलात, नुसता धरून ठेवलात. 

मग दोन दिवसांनी म्हणालात, ‘भिंत ठेव. त्यात एक दार ठेव. दाराला दोन्हीकडून कडी. तुझी तुझ्या बाजूला, माझी माझ्या बाजूला. दोघींनी काढली तरच उघडेल. तुला रडायचं असलं तर लाव खुशाल, मी विचारणार नाही.’

हे ऐकून मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या आईला असं दार कुणी दिलं असतं तर, असं वाटलं. पण मी बोलले वेगळंच. मी म्हटलं, तुमच्याशी दार ठेवायला मला काय अडचण आहे? उद्या तुम्ही नसाल तेव्हा पलीकडे कोण येईल? बोलून गेले आणि जीभ चावली. तुम्हाला वाईट वाटलं नाही. उलट तुम्ही मिस्कील हसलात. ‘मग तो शेजारी तू घडव. मी काय तुला तयार मिळाली होती? आमच्या क्वार्टरमध्ये शेजारी दर तीन वर्षांनी बदलायचे बाई. दार तेच असायचं.’ शिवाय तुम्ही बजावलंत की हे दार म्हातारपणाच्या सोयीसाठी मुळीच मागत नाही. त्याला बेल आहे, मोबाईल आहे. साखर संपल्यावर वळसा पडू नये म्हणून मागते.

मी म्हणाले, ‘बघू.’

हाच माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द, म्हणजे त्या विषयावरचा. आपल्याकडे बघू म्हणजे काय असतं ते तुम्हालाही माहीत होतं. त्यानंतर कडक उन्हाळा लागला, बहावा फुलला, इथले लोक त्याला अमलतास म्हणतात, आणि रस्त्यांच्या कडेनं पिवळा सडा पडायला लागला. त्या सड्यातून आम्ही तुम्हाला नेलं. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी मला म्हणालं, समोरच राहत होता तुम्ही, मधे दार असतं तर त्यांना बरं नाही ते लवकर कळलं असतं.  तुम्हाला हे कारण नको होतं, म्हणून मलाही नको आहे.

तुमची लेक ईरा आली. तुमच्या रिकाम्या होत चाललेल्या घरात आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ट्रंकांवर गावांची नावं रंगवलेली, एकावर एक, जुनी खोडून नवी. ईरानं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘माझं लहानपण इथे आहे सगळं.’ मला धाकधूक होती की ती तुमचा हिस्सा काढून घेईल. घेतला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. बंगळुरूला तिलाही घर नाही, तीही भाड्यानंच राहते. पण ती म्हणाली, आईचं घर बांधायचं. ते कुणाच्या नावानं अडकवायचं नाही. सायलीच्या खोलीसारखंच ते बदलीचं घर ठेवायचं, गरज असेल त्या कुटुंबानं तीन वर्षं राहावं. आई आयुष्यभर सरकारी घरात राहिली, आता तिच्या घरात लोक राहू देत. मग मला विचारलं, ‘अनघाताई, दाराचं काय करायचं? आर्किटेक्टला नकाशा पक्का करायचा आहे.’

वहिनी, मी तुमच्यावर चिडले. खरंच. तुमच्या फोटोसमोर उभी राहून चिडले. तुम्ही असताना दार ठेवणं किती सोपं होतं, आणि मी ते ठेवलं नाही. आता पलीकडे दर तीन वर्षांनी नवं माणूस, नव्या फोडणीचा वास, नवी भाषा, नवी भांडणं, आणि कडी काढायची की नाही हा प्रश्न दर वेळी नव्यानं माझ्यापुढे. माझं तेच म्हणणं तुम्ही माझ्याच पदरात घालून गेलात. कित्येक दिवस मी ईराच्या फोनला नेटवर्क नाही, मीटिंग आहे, असं काहीबाही सांगत राहिले. आपले फ्लॅट अजून विकले गेलेले नाहीत, म्हणून आम्ही तिथेच आहोत. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून रोज हमरीतुमरी चालते, आणि तुमच्या दारावरचं कुलूप मी येता-जाता बघते. एवढी आखीव सेक्टरांची रचना, झाडंसुद्धा रांगेत. पण वरच्या मजल्यावरचे लोक कोण ते मला अजून माहीत नाही. ते आले त्या दिवशी तुम्ही गावी होता आणि डबा द्यायचं मला सुचलं नाही.

तुमच्या घरासाठी सायलीनंच माणूस शोधलं. सुनीता, हिमाचलातल्या किन्नौरची. सेक्टर चौतीसमधल्या एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते, आणि बरोबर तिची आई. आई सोबत आहे म्हणून पीजीत घेत नाहीत, घरात पुरुष नाही म्हणून फ्लॅट देत नाहीत. सायलीनं हे सांगितलं तेव्हा मला तुमचं ते मधल्या वयाचं वाक्य आठवलं आणि हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू आलं. आंघोळीला गेले नाही, स्वयंपाकघरातच बसून रडले. संदीपनं पाणी आणून दिलं आणि काही विचारलं नाही.

तर परवाचा रविवार. ऊन चढायच्या आत सगळे प्लॉटवर जमलो. फेब्रुवारीतल्या रेघांचा आता मागमूस नव्हता, वाऱ्या-वावटळीनं सगळं नेलं होतं. गोणी डिकीतून निघाली. गुरमीतजींनी दोरी धरली, मुक्तानं दुसरं टोक. ईरा, आर्किटेक्ट, संदीप, सगळे होते, आणि सायली आपल्या जागी, गच्चीवर. मी फक्की सोडत गेले. ओसरी आखली, गुरमीतजींचं घर आखलं, आमचं आखलं. मधल्या भिंतीशी आले. गुरमीतजींनी विचारलं, ‘पुत्तर, सीधी खींचनी है?’  ओट्याच्या टोकापासून रेघ ओढत आणली, हात उचलला, दोन पावलं पुढे गेले आणि पुन्हा खाली टेकवला. मधे जागा राहिली. वरून सायली काही ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. वर पाहिलं तर ओढणीनं डोळे पुसत होती.

मग सुनीता आली, आईला हाताला धरून. ईरानं त्यांना तुमच्या घरात नेलं, पुढच्या दारानं, आणि नियम समजावून सांगितले. म्हातारी त्या पांढऱ्या रेघांमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसली, दुसऱ्याच्या घरात बसतात तशी. डोक्याला हिरव्या पट्टीची टोपी, हात मांडीवर. मी सकाळीच डबा भरून आणला होता. तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी. मीठ दोनदा चाखून बघितलं होतं. एका हातात डबा, दुसऱ्यात थर्मास, आणि मी माझ्या स्वयंपाकघरातून निघून त्या मोकळ्या जागेशी उभी राहिले. पाय आपसूक पुढे पडत होता, तो मागे घेतला.

‘टक टक,’ मी म्हटलं. ‘माताजी, अंदर आ जाऊँ?’

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली रेघेकडे पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, सावकाश चालत आली. कडीबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं, वहिनी, मी ईराला विचारून खात्री केली. ती त्या मोकळ्या जागेसमोर थांबली, हवेत हात उचलला, आणि कडी सरकवावी तसा बाजूला नेला. ‘आओ बेटी,’ म्हणाली, ‘खुला है.’

माझे दोन्ही हात भरलेले होते. पण माझ्या बाजूची कडी मी सकाळी घरातून निघतानाच काढून आले होते.